ऑलिम्पिक लाइव्ह बघायला मिळायला एवढी वर्षं का लागली

ऑलिम्पिक आलं की एरवी ज्यांचे धड नियमही माहीत नसतात असे खेळ आपण डोळे फाडून बघत बसतो. रोइंग, ज्यूडो, तिरंदाजी, काहीही चालतं, पाचच मिनिटांत एक आवडता खेळाडूही ठरतो आणि तो हरला की चक्क जेवण जात नाही. पण हे सगळं घडत असतानाच बघायला मिळालं पाहिजे, निकाल आधी कळला की मजा अर्धी झाली. आज हे आपल्याला इतकं साधं वाटतं, पण चाहत्यांना हे सहज कधीच मिळालं नव्हतं. कधी तंत्रज्ञान तोकडं पडलं, कधी पैशावरून भांडणं झाली, कधी तिसऱ्याच देशातल्या प्रेक्षकांच्या सोयीनं घड्याळ फिरवलं गेलं.

सुरुवात थेट प्राचीन ऑलिंपियापासून करू, कारण तिथला प्रेक्षक माझ्या मते सगळ्यात चिवट होता. स्टेडियम म्हणजे मधे धावायची पट्टी आणि दोन्ही बाजूंना मातीचे उतार, त्यावर ४० हजारांच्या वर माणसं मावायची आणि दगडी आसनं काय ती पंचांना. पाच दिवस, ऐन उन्हाळा, पाण्याची कायमची मारामार, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात एका श्रीमंत माणसानं पाणी आणून कारंजं बांधलं तेव्हा कुठे ती जरा मिटली. माश्या तर इतक्या की त्या पळवून लावणारा झ्यूस म्हणून त्याला वेगळा बळी द्यायचे. विवाहित बायकांना तर आत यायचीच बंदी होती, एका देवीची पुजारीण सोडली तर. एपिक्टेटस नावाचा तत्त्वज्ञ लोकांना विचारायचा की तिथं तुम्ही उन्हात भाजता, गर्दीत चेंगरता, धड आंघोळ होत नाही, पाऊस आला की भिजता, कानठळ्या बसतात, तरी हे सगळं सहन करताच ना? का, तर जे बघायला मिळतं ते तेवढ्या मोलाचं वाटतं म्हणून. तो बोलत होता आयुष्यातली दुःखं सोसण्याबद्दल, पण खेळ बघणाऱ्या माणसाचं इतकं नेमकं वर्णन मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

मग उडी मारून १८९६. अथेन्सचं संगमरवरी स्टेडियम भरलेलं, ज्यांना आत जागा मिळाली नाही ते आजूबाजूच्या टेकड्यांवर, आणि सगळे ज्याची वाट बघतायत ती मॅरेथॉन मात्र कुणालाच दिसत नाहीये, कारण ती तिकडे रस्त्यावर चाललीये. आधी बातमी आली की ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक पुढे आहे, स्टेडियम एकदम गप्प. मग घोड्यावरून एक अधिकारी आला, तो सरळ राजाकडे गेला, आणि तिथून कुजबुज पसरत पसरत 'एलिन! एलिन!' म्हणजे ग्रीक, आपला माणूस, असा गजर सुरू झाला. थोड्या वेळानं धुळीनं माखलेला स्पिरिडॉन लुईस आत आला आणि दोन राजपुत्र त्याच्या बाजूनं शेवटपर्यंत धावले. म्हणजे त्या हजारो लोकांनी प्रत्यक्षात बघितले ते शेवटचे काही मीटर, बाकीची शर्यत त्यांनी फक्त ऐकीव बातमीवर अनुभवली. त्यापुढची कित्येक वर्षं जगातला बहुतेक चाहता असाच होता, आधी पेपर, मग रेडिओ, मग थिएटरमधल्या न्यूजरील, म्हणजे सिनेमाआधी दाखवले जाणारे बातमीपट.

टीव्ही आला १९३६ ला, बर्लिनमध्ये, नाझी राजवटीला जगापुढे मिरवायचं होतं म्हणून आला हेही सांगायलाच हवं. घरोघरी टीव्ही नव्हतेच, त्यामुळे शहरात ठिकठिकाणी खोल्या केल्या होत्या, तिथं जाऊन फुकट बघायचं, दीड लाखाच्या आसपास लोकांनी बघितलं म्हणतात. चित्र फक्त १८० रेषांचं, म्हणजे धावणारा माणूस आहे एवढं कळायचं, कोण आहे हे निवेदकानं सांगायचं. टेलिफंकन कंपनीचा कॅमेरा जवळपास दोन मीटर लांब होता, लोक त्याला तोफच म्हणायचे. दुसरी पद्धत तर त्याहून भारी होती, गाडीच्या टपावर फिल्म कॅमेरा, शूट झालेली फिल्म तशीच खाली गाडीत जायची, मिनिट-दीड मिनिटात धुऊन निघायची आणि ओली असतानाच स्कॅन होऊन प्रक्षेपित व्हायची. मला हे वाचून खरंच भरून येतं, कारण घडल्यावर मिनिट-दीड मिनिटात ते लोकांना दिसलंच पाहिजे हा हट्ट तेव्हापासूनचा आहे.

युद्धानंतर १९४८ ला लंडनमध्ये बीबीसीनं दाखवलं, हक्कांसाठी १००० गिनी, म्हणजे हजार पौंडांहून थोडे जास्त, द्यायचं कबूल केलं, आणि सुमारे पाच लाख लोकांनी घरी बसून बघितलं, बहुतेक सगळे लंडनपासून ८० किलोमीटरच्या आतले कारण सिग्नलच तेवढा पोचायचा. रक्कम आज किरकोळ वाटते, पण बघण्याला किंमत असते हे तिथं मान्य झालं आणि पुढची सगळी भांडणं तिथूनच सुरू झाली.

त्यातलं पहिलं मोठं भांडण १९५६ चं, मेलबर्नचं. आयोजक म्हणाले दाखवायचं असेल तर पैसे द्या, टीव्ही आणि न्यूजरीलवाले म्हणाले ही तर बातमी आहे, बातमीचे कसले पैसे. कुणीच मागे हटलं नाही आणि परदेशी कंपन्यांनी बहिष्कार टाकला. म्हणजे हंगेरी आणि सोव्हिएत युनियनची ती रक्ताळलेली वॉटर पोलो मॅच, हंगेरीतला उठाव सोव्हिएत रणगाड्यांनी चिरडल्यावर काही आठवड्यांतच झालेली, जगातल्या बहुतेक लोकांना टीव्हीवर दिसलीच नाही. १९५८ ला आयओसीनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं, नियमावलीत प्रक्षेपणाच्या हक्कांचं कलम घातलं आणि तेव्हापासून ऑलिम्पिक ही विकायची गोष्ट झाली. मला हे पूर्ण चूक वाटत नाही, पैसा आला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं, पण चाहत्याला त्यात कुणी विचारलं नाही हेही तितकंच खरं.

आणि गंमत अशी की त्याच मेलबर्नमध्ये एका चाहत्यानं ऑलिम्पिक कायमचं बदललं! तिथं राहणाऱ्या एका चिनी वंशाच्या १७ वर्षांच्या मुलानं आयोजकांना पत्र पाठवलं, की समारोपाला खेळाडूंना देशवार रांगांमधून आणू नका, सगळ्यांना एकत्र मिसळून चालू द्या, त्या दिवशी एकच देश असू दे. शेवटच्या क्षणी आयोजकांनी ते ऐकलं. आजही समारोपात खेळाडू घोळक्यानं, एकमेकांच्या गळ्यात हात टाकून येतात ना, ते त्या पत्रामुळे. ज्या वर्षी वॉटर पोलोच्या पाण्यात रक्त सांडलं त्याच वर्षी हे झालं, म्हणून मला ही गोष्ट सगळ्यात जवळची वाटते.

१९६० ला रोमहून युरोपात लाइव्ह दिसलं पण अमेरिकेला नाही, तिथं सीबीएस या टीव्ही कंपनीनं ३ लाख ९४ हजार डॉलर मोजले आणि टेप रोज विमानानं न्यूयॉर्कला न्यायच्या, तिथं मग स्टुडिओत बसलेला निवेदक त्या लावून दाखवणार. मॅरेथॉनमध्ये अनवाणी अबेबे बिकिला रात्री, मशाली धरलेल्या सैनिकांमधून धावत आला, ते समुद्रापलीकडच्या लोकांनी निकाल कळल्यावर बघितलं. चारच वर्षांत, टोकियोला, सिनकॉम ३ हा उपग्रह वर होता आणि उद्घाटन पॅसिफिक ओलांडून थेट अमेरिकेत गेलं. त्याच टोकियोत महिला व्हॉलीबॉलची सुवर्ण ठरवणारी मॅच झाली, जपान विरुद्ध सोव्हिएत युनियन, २३ ऑक्टोबर १९६४, आणि टोकियोच्या परिसरात ६६.८ टक्के रेटिंग! दहातली जवळपास सात घरं एकच मॅच बघतायत. व्हॉलीबॉल ऑलिम्पिकमध्ये त्याच वर्षी पहिल्यांदा आलं होतं, तरी अख्खा देश त्या सहा मुलींसाठी श्वास रोखून बसला होता.

तंत्रज्ञान चाहत्याच्या बाजूनं उभं राहिलं तरी खेळाडू कधी कधी त्याच्याही पुढे निघून जायचे, आणि असे क्षण बघायला मिळणं यासारखं दुसरं सुख नाही. १९६८, मेक्सिको सिटी, बॉब बीमन लांब उडी मारतो आणि मोजायचं ऑप्टिकल यंत्र तिथपर्यंत पोचतच नाही. यंत्राच्या रुळाबाहेर गेला माणूस! मग स्टीलची टेप आणली, परत परत मोजलं, बराच वेळ गेला, स्टेडियम नुसतं बघतंय, आणि बोर्डावर आलं ८.९० मीटर. आधीचा विक्रम ८.३५. बीमनला मीटरचा अंदाज नव्हता, कुणीतरी फुटात सांगितलं तेव्हा त्याचे पायच गळाले आणि तो खाली कोसळला. १९७६ ला माँट्रियलमध्ये तसंच, १४ वर्षांची जिम्नॅस्ट नादिया कोमानेची अनइव्हन बार्सवरून उतरते आणि बोर्डावर झळकतं १.००. क्षणभर कुणालाच काही कळेना, एवढं सुंदर केलं आणि एक गुण? बोर्डच मुळी ९.९९ पर्यंतचा बनवला होता, दहापैकी दहा कुणाला मिळतील असं गृहीतच नव्हतं धरलं. घोषणा झाली आणि मग जो काही आवाज झाला असेल तो असेल.

त्या दोन्हींच्या मधे १९७२ चं म्युनिक आहे. लाइव्ह बघण्याची दुसरी बाजू जगानं तिथं बघितली, खेळांसाठी लावलेले कॅमेरे ओलीस ठेवलेल्या खेळाडूंच्या इमारतीकडे वळले, इस्रायलच्या पथकातल्या ११ जणांचा जीव गेला, आणि खेळ बघायला बसलेले लोक टीव्हीसमोर तासन् तास तेच बघत राहिले.

ऐंशीच्या दशकापासून पैसा इतका वाढला की घड्याळच त्याच्या हातात गेलं. १९८८ ला सोलच्या हक्कांसाठी एनबीसी या अमेरिकी टीव्ही कंपनीनं ३० कोटी डॉलर मोजले, आणि धावण्याच्या मोठ्या फायनल तिथल्या संध्याकाळऐवजी दिवसा ठेवल्या कारण तेव्हा अमेरिकेत रात्रीचा प्राइम टाइम. पुरुषांची १०० मीटर फायनल दुपारी दीडला! इतकंच नाही, कोरियानं घड्याळंसुद्धा तासभर पुढे केली होती. २००८ ला बीजिंगमध्ये जलतरणाच्या फायनल सकाळी. म्हणजे मायकेल फेल्प्सनं १०० मीटर बटरफ्लाय एक शतांश सेकंदानं जिंकलं, ५०.५८ विरुद्ध ५०.५९, ते सकाळी पाण्यात उतरून. खेळाडूनं वर्षानुवर्षं संध्याकाळच्या फायनलची सवय करायची आणि ऑलिम्पिकमध्येच ती मोडायची हे मला आजही पटत नाही.

बरं, ज्यांच्यासाठी एवढं केलं तेही नेहमी खूश नव्हते. २०१२ ला लंडनचं उद्घाटनसुद्धा अमेरिकेत लाइव्ह दाखवलं नाही, संध्याकाळी टेप लावली, आणि तोवर सोशल मीडियावर सगळं फुटलेलं. लोक भयंकर चिडले आणि बरोबरच चिडले. टेप दाखवायची हे १९६० मध्ये नाइलाज म्हणून ठीक होतं, निकाल फोनवर येऊन पडलेला असताना नाही. त्याच वेळी बीबीसी २४ स्ट्रीमवर जवळजवळ सगळं दाखवत होतं, म्हणजे जमत होतं! पॅरिसच्या वेळी, २०२४ ला, एनबीसीनंही मोठ्या फायनल दिवसा लाइव्ह दाखवल्या आणि रात्रीचा कार्यक्रम वेगळा केला.

मैदानावरच्या प्रेक्षकांबद्दलही बोलायला हवं, कारण घरी बसलेल्याला जो आवाज येतो तो त्यांचा असतो. सिडनी २०००, कॅथी फ्रीमनची ४०० मीटर फायनल, त्या संध्याकाळी स्टेडियममध्ये १ लाख १२ हजार ५२४ माणसं, रेस बघताना आवाज तिच्याबरोबर ट्रॅकवरून गोल फिरत जातोय असं वाटतं. आणि त्याच सिडनीत इक्वेटोरियल गिनीचा एरिक मुसांबानी, हीटमध्ये, म्हणजे पहिल्या फेरीच्या शर्यतीत, एकटाच उरलेला कारण बाकीचे दोघे चुकीच्या सुरुवातीमुळे बाद, १०० मीटर फ्रीस्टाइलला १:५२.७२ लागले, शेवटच्या काही मीटरमध्ये तर बुडतोय की काय अशी अवस्था, आणि अख्खं स्टेडियम त्याला ओढून काठाला आणतंय. सुवर्णपदक कुणाचं हे विसरलेल्या लोकांनाही मुसांबानी आठवतो.

टोकियोला हे सगळं गेलं. २०२० चं ऑलिम्पिक २०२१ ला झालं आणि बहुतेक ठिकाणी प्रेक्षकच नाहीत. प्रशिक्षकांचे आवाज, बुटांची करकर, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं, आणि तरी काहीतरी जबरदस्त कमी होतं. बार्शिम आणि तांबेरी यांनी उंच उडीचं सुवर्ण वाटून घेतलं तेव्हा तांबेरी आनंदानं जमिनीवर लोळत होता आणि वर हजारो खुर्च्या रिकाम्या. पॅरिसला लोक परत आले ते असे की ९५ लाखांच्या आसपास तिकिटं खपली, विक्रमच.

आता चित्रांचा मूळ पुरवठा आयओसीच्याच ओबीएस या संस्थेकडून होतो, २००१ ला काढलेली, पॅरिसमध्ये ११ हजार तासांहून जास्त चित्रण तयार केलं त्यांनी. ज्या देशात जो हक्क घेईल तो त्यातलं निवडून दाखवणार, त्यामुळे आपल्या देशाचा खेळाडू नसलेली फायनल बघायची तर अजूनही शोधाशोध करावी लागते. आणि जिथं सगळंच मिळतं तिथं माणूस गोंधळतो, म्हणून अमेरिकेत 'गोल्ड झोन' नावाचा कार्यक्रम लोकांनी डोक्यावर घेतला, जिथं जे निर्णायक घडतंय तिकडे कुणीतरी आपल्याला उड्या मारत घेऊन जातं.

एवढं सगळं असूनही पॅरिसची पुरुषांची १०० मीटर फायनल संपली तेव्हा कोण जिंकलं ते कुणालाच माहीत नव्हतं, स्टेडियमला नाही, घरच्यांना नाही, धावणाऱ्यांनाही नाही. नोआ लायल्स तर किशेन थॉम्पसनला म्हणाला की तूच जिंकलास बहुतेक. मग बोर्डावर नाव आलं लायल्सचं, ९.७८४ विरुद्ध ९.७८९. ते काही सेकंद जगभर सगळे एकाच वेळी एकाच बोर्डाकडे बघत होते, टेप नाही, विमान नाही, कुणाला आधी कळलं असंही नाही.

पुढचं लॉस एंजेलिसला, उद्घाटन १४ जुलै २०२८. या वेळी क्रम उलटा आहे, ॲथलेटिक्स पहिल्या आठवड्यात आणि जलतरण दुसऱ्या, कारण उद्घाटनात वापरलेल्या सोफाय स्टेडियममध्येच नंतर तलाव बसवणार आहेत. त्यामुळे नेहमीच्या सवयीनं पहिला आठवडा जरा निवांत धरून रजा टाकायचा विचार असेल तर आत्ताच बदला, १०० मीटर या वेळी सुरुवातीलाच आहे.