दोन हजार वर्षं जुनं नाणं म्हणजे लाखो रुपये? तसं नसतं

"दोन हजार वर्षं जुनं नाणं असेल तर लाखो रुपये नक्की" हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे, पण किंमत नुसत्या वयावर ठरत नाही, किती नाणी उरलीत, कुठल्या अवस्थेत आहेत आणि कितीजणांना हवीत यावर ठरते. यहूदिया म्हणजे आजच्या इस्रायल-पॅलेस्टाइन भागातलं जुनं ज्यू राज्य, तिथला राजा अलेक्झांडर यानाई (इ.स.पू. १०३ ते ७६) याची जहाजाचा नांगर आणि ताऱ्याचं चित्र असलेली छोटी ब्राँझची नाणी बघा, बाजारातली रोजची चिल्लर ती, आणि पाडली इतकी प्रचंड की आजही ढिगाने मिळतात, म्हणून झिजलेलं नाणं अगदी स्वस्तात जातं. चेक करायचं तर विकणारा किती मागतोय ते सोडा, जुन्या लिलावांत तसंच नाणं प्रत्यक्षात कितीला गेलं ते शोधा. आणि प्लीज चिंचेने घासू नका, वरचा जुना थर गेला की आहे ती किंमतही उतरते.