मद्यपान विकार

पिण्यावरचा ताबा सुटणे, नुकसान दिसत असूनही पीत राहणे आणि दारू तुटली की शरीराला त्रास होणे, अशा लक्षणांचा विकार. बोलीत ‘दारूचं व्यसन’.

या विकाराला रोग मानण्याची सुरुवात केव्हा झाली, याबद्दल एकमत नाही. ‘जीर्ण मद्यरोग’ या अर्थाची लॅटिन संज्ञा स्वीडिश वैद्य मॅग्नस हुस यांनी १८४९ मध्ये वापरली. त्याआधी रश (अमेरिका) व ट्रॉटर (ब्रिटन) या वैद्यांनी तसा विचार मांडला होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ‘मदात्यय’ (अतिमद्यपानाने होणारा विकार) या विषयावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यातील ‘ध्वंसक’ म्हणजे आजची दारू तुटल्याची लक्षणे, असे काही अभ्यासक मानतात. मात्र ग्रंथात ध्वंसकाचे कारण, दारू सोडलेल्याने पुन्हा एकदम अतिमद्य घेणे, असे दिले आहे. त्यामुळे हे साम्य जपूनच स्वीकारावे. अमेरिकी मानसोपचार वर्गीकरणाने २०१३ मध्ये ‘गैरवापर’ आणि ‘अवलंबित्व’ एकत्र केले. त्यानुसार बारा महिन्यांत ११ पैकी किमान २ निकष जुळल्यास निदान होते. ६ किंवा अधिक जुळल्यास विकार तीव्र समजतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या चाचणीत ८ वा अधिक गुण धोक्याचे धरतात. या चाचणीत एका पेयात १० ग्रॅम मद्यार्क धरला आहे. ४२.८ टक्के तीव्रतेच्या १८० मिलिलिटर पव्व्यात सुमारे ६० ग्रॅम, म्हणजे सहा पेये भरतात. मोहाच्या सडव्यापासून (आंबवलेल्या मोहफुलांपासून) गाळलेल्या दारूची तीव्रता मात्र भट्टीगणिक बदलते. म्हणून ‘किती पेता?’ याआधी ‘सकाळी उठल्याबरोबर लागते का, हात कापतात का?’ हे विचारावे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, वर्ध्यातही आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ अशी होती. बंदीच्या गावात पोलिसांच्या धास्तीने रुग्ण खरे सांगत नाही, तेव्हा हा प्रश्न घरच्या बाईला एकटीला बाजूला घेऊन विचारलेला बरा.

सर्वांत घातक चूक होते ती वॉर्डात. पाय मोडून भरती झालेला शेतमजूर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घामाघूम होतो, अंथरुणावरचे नसलेले किडे वेचू लागतो, आणि ‘बाहेरचं लागलं’ म्हणून नातेवाईक त्याला घरी न्यायला निघतात. हा दारू तुटल्याचा उन्माद होय. उपचाराविना तो जीव घेऊ शकतो. आकडीचे झटके (फिट) त्याही आधी, साधारण पहिल्या ४८ तासांत येतात. डायझेपाम वर्गातील औषधे देऊन ती हळूहळू कमी करतात. यकृत बिघडलेले असल्यास लोराझेपाम बरे. थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) द्यायलाच हवे, आणि ते ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत. नुसती ग्लुकोजची सलाईन लावल्यास मेंदूला इजा होऊ शकते. जुन्या पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू बंद करू नये.

पुढे ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट. डायसल्फिरम घेतलेले असताना दारू प्यायल्यास तीव्र त्रास होतो, म्हणून ते रुग्णाच्या संमतीनेच द्यावे. भाजीत लपवून देणे जिवावर बेतू शकते. मानसिक आरोग्य सल्ल्यासाठी टेलिमानस ही सरकारी दूरध्वनी सेवा, १४४१६.