वळणं टिपणाऱ्या नलिका, कलणं टिपणाऱ्या पिशव्या

तोल कानात असतो, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण डोकं वळलेलं टिपणं आणि डोकं कललेलं टिपणं ही कामं दोन वेगळ्या अवयवांची आहेत. प्रत्येक आंतरकर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, शिवाय युट्रिकल आणि सॅक्यूल या दोन पिशव्या. केसपेशी, म्हणजे केसासारखे तंतू असलेल्या, हालचाल टिपणाऱ्या पेशी, दोन्हीकडे; आत भरलेला द्रवही तोच. घोळ होतो तो त्यामुळेच. फरक आहे वजनाचा.

नलिकेच्या फुगीर टोकाशी केसपेशींवर क्युप्युला हा मऊ पडदा असतो. त्याची घनता द्रवाइतकीच, म्हणून गुरुत्वाकर्षण त्याला जाणवत नाही. डोकं डावीकडे वळलं की द्रव मागे रेंगाळतो, पडदा वाकतो; डाव्या आडव्या नलिकेचे संदेश वाढतात, उजवीचे घटतात. डोळे मिटून एकाच वेगाने गिरक्या घेत राहिलात, तर द्रवही तो वेग पकडतो आणि थोड्या वेळाने फिरणं जाणवेनासं होतं. थांबलात की उलट दिशेने फिरल्याचा भास! कारण द्रव अजून पुढेच निघालेला असतो.

पिशव्यांत मात्र केसपेशींवर कॅल्शिअम कार्बोनेटच्या सूक्ष्म स्फटिकांचा जड थर असतो. डोकं कललं की तो सरकतो, आणि सरळ रेषेत वेग वाढला तरी सरकतो. लिफ्टचं वर-खाली होणं सॅक्यूल टिपते, गाडीचा वेग वाढणं मुख्यतः युट्रिकल. पण कलणं कोणतं आणि वेग वाढणं कोणतं, हे एकट्या पिशवीला सांगता येत नाही. रात्री उड्डाण घेताना वेग वाढला की वैमानिकाला म्हणूनच विमानाचं नाक आहे त्याहून जास्त वर गेल्यासारखं वाटतं; तो ते खाली दाबतो आणि घात होऊ शकतो.

युट्रिकलमधले स्फटिक सुटून नलिकेत, बहुधा मागच्या नलिकेत, शिरले की जिथे वजन नकोच होतं तिथे वजन येतं. कूस बदलली किंवा मान वर केली की दोन-चार सेकंदांत गरगरायला लागतं आणि बहुधा मिनिटाच्या आत थांबतं. गोळ्यांनी स्फटिक हलत नाहीत. एपली पद्धतीने, म्हणजे डोकं ठरावीक क्रमाने वळवून, हलतात. दोष उजव्या कानात असेल तर डोकं ४५ अंश उजवीकडे वळवून, मान थोडी मागे लोंबेल असं आडवं करतात. मग डोकं ९० अंश डावीकडे, मग नाक जमिनीकडे येईल अशी डावी कूस, मग उठवून बसवणं. प्रत्येक टप्प्यावर अर्धा ते एक मिनिट थांबायचं. घाई केली तर स्फटिक वाटेतच राहतात. मानेचा आजार असेल तर हे घरी करू नये. आणि गरगरणं तासन्‌तास टिकलं, तर कारण स्फटिकांचं नाही असंच धरावं. सोबत जीभ जड झाली किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर लगेच रुग्णालय गाठावं.