हिरड्यांचे आजार आणि रोजचे जगणे

हिरड्या आणि दाताला जबड्यात धरून ठेवणारे हाड यांच्या आजारांमुळे खाणे, बोलणे, हसणे आणि चारचौघांतला वावर यांत पडणारा फरक. दंतवैद्यकात त्याचा विचार ‘मौखिक आरोग्याशी निगडित जीवनमान’ या संकल्पनेखाली होतो. आजाराची सुरुवातीची अवस्था म्हणजे हिरड्यांचा दाह (जिंजिव्हायटिस). ती वेळीच साफसफाई केली तर पूर्ण बरी होते. पुढची अवस्था पेरिओडोंटायटिस, जिला बोलीत पायोरिया म्हणतात. तिच्यात हाड झिजते आणि झिजलेले हाड सहसा आपोआप भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार तीव्र स्वरूपाचा हा आजार जगात १०० कोटींहून अधिक लोकांना आहे.

एवढा पसरलेला आजार दुर्लक्षित राहतो, कारण तो फारसा दुखत नाही. किडलेला दात रात्री झोपेतून उठवतो. हिरड्या मात्र ब्रशच्या फेसात गुलाबी रंग सोडतात आणि चूळ भरली की तोही वाहून जातो. सिगारेट ओढणाऱ्यांत तर रक्त कमीच येते, त्यामुळे तेवढीही सूचना मिळत नाही. मधल्या काळात माणूस नकळत सवयी बदलत जातो. एका बाजूने चावतो, कडक पदार्थ बाजूला सारतो, फळाला थेट दात न लावता फोडी करून खातो. ‘त्रास काही नाही’ असे सांगणाऱ्या रुग्णाला नेमके काय खाणे सोडले ते विचारले, की खरी यादी बाहेर येते.

तोंडाच्या दुर्गंधीचा प्रकार निराळा. हिरडीखालचे जिवाणू प्रथिनांचे विघटन करताना गंधकयुक्त वायू सोडतात. स्वतःच्या तोंडाचा वास स्वतःला नीट कळत नाही. कळते ते समोरच्याचे किंचित मागे सरकणे. मग बोलताना तोंडावर हात जातो, फोटोत ओठ मिटलेले राहतात. पुढचे दात सरकून फटी पडल्या, तर काहींचे उच्चारही बदलतात.

हे सारे मोजण्यासाठी प्रश्नावल्या आहेत. दंतसंशोधक गॅरी स्लेड यांनी १९९७ मध्ये संक्षिप्त केलेली ओएचआयपी-१४ (ओरल हेल्थ इम्पॅक्ट प्रोफाइल) त्यांत बरीच वापरली जाते. तिच्या १४ प्रश्नांत खाताना अवघडल्यासारखे होते का, जेवण मध्येच थांबवावे लागते का, दातांमुळे लाज वाटते का, अशी विचारणा असते. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण, एकूण ५६. गुण जितके जास्त तितका त्रास मोठा. दंतवैद्य मोजतो ती हिरडी आणि दात यांमधली खोली: निरोगी तोंडात ती साधारण १ ते ३ मिलिमीटर असते. हे दोन आकडे नेहमी जुळत नाहीत. खोली ७ मिलिमीटर असलेला माणूस निवांत असू शकतो, तर पुढच्या एका दाताची हिरडी उतरल्याने दुसरा हसणे विसरतो.

उपचारांनंतर बहुतेकांचे जीवनमान सुधारते, पण सुरुवातीचे काही आठवडे फसवे असतात. कीटण निघाले आणि सूज ओसरली की हिरडी आक्रसते, दात लांब दिसू लागतात, त्यांच्यामध्ये काळ्या फटी दिसतात, गार पाणी झोंबते. ‘दात साफ केले आणि ते सैल झाले’ ही तक्रार इथूनच येते. प्रत्यक्षात हाड आधीच झिजलेले असते. ती पोकळी सूज आणि कीटणाने झाकून ठेवलेली असते. हे उपचारांआधी सांगितले नाही, तर रुग्ण पुढच्या तपासणीला फिरकत नाही.