गद्यसौंदर्य

गद्यसौंदर्य : ‘हे पुस्तक सुंदर लिहिले आहे’ असे वाचक म्हणतो, तेव्हा कथानक, विचार किंवा माहिती यांखेरीज केवळ वाक्यांच्या घडणीतून मिळालेल्या आनंदाबद्दल तो बोलत असतो. या आनंदाला कारण होणारा गुण म्हणजे गद्यसौंदर्य. तो कथा-कादंबरीपुरता मर्यादित नाही. आत्मचरित्र, प्रवासवर्णन, निबंध, इतिहास, निसर्गलेखन, इतकेच काय एखादे शास्त्रीय विवेचनही या गुणामुळे पुन्हा पुन्हा वाचले जाते. पद्याला वृत्त, यमक आणि चरण यांचा आधार असतो. गद्याला यांपैकी काहीच नसते, आणि म्हणूनच ते का आवडले हे सांगणे वाचकाला अवघड जाते. बहुतेक वेळा तो ‘ओघवती भाषा’ किंवा ‘सहजसुंदर शैली’ असे ठरीव शब्द वापरून थांबतो आणि खरे कारण न सांगताच राहते. गद्याचे सौंदर्य अलंकारांत शोधण्याची सवय जुनी असली, तरी ते मुख्यतः वाक्याच्या चालीत असते : वाचकाला काय आधी कळावे आणि काय मागून, कोठे थांबावे आणि कोठे थांबू नये, या निवडीत.

या प्रश्नाचा विचार प्राचीन काळापासून झालेला आहे. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथाचा तिसरा भाग प्रामुख्याने शैलीला दिला. सुस्पष्टता हा शैलीचा पहिला गुण होय आणि गद्याला लय असावी पण वृत्त असू नये, ही त्यातील दोन मते आजही ग्राह्य वाटतात. संस्कृत साहित्यशास्त्रात वामनाने इ. स. ८००च्या सुमारास रीती, म्हणजे विशिष्ट पदरचना, हाच काव्याचा आत्मा मानला. ‘गद्यं कवीनां निकषं वदन्ति’, गद्य ही कवींची कसोटी होय, हे वचनही त्याने उद्धृत केले आहे. गद्याचे त्याने वृत्तगंधी, चूर्ण आणि उत्कलिकाप्राय असे तीन प्रकार सांगितले. वृत्तगंधी गद्यात मधूनच पद्याचा भास होतो, चूर्ण गद्याची पदे सुटी व कोमल असतात आणि उत्कलिकाप्राय गद्य याच्या उलट, लांब समासांनी भरलेले असते. ‘काव्यादर्श’कार दंडीने तर समासांची विपुलता हेच गद्याचे जीवित मानले.

या मताचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणून सातव्या शतकातील बाणभट्टाची ‘कादंबरी’ दाखवली जाते. तिच्यातील वर्णने विशेषणांमागून विशेषणे घेत पानभर चालतात, आणि वाक्याचा आधार असलेले पद वाचकाला फार उशिरा सापडते. पण बाणाला केवळ लांब वाक्यांचा लेखक ठरवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. राजपुत्र चंद्रापीडाला मंत्री शुकनास उपदेश करतो त्या भागात, लक्ष्मीविषयी बोलताना वाक्ये एकदम तुटक होतात : ‘न परिचयं रक्षति । नाभिजनमीक्षते । न रूपमालोकयते ।’ लक्ष्मी ओळख राखत नाही, कुळ बघत नाही, रूप न्याहाळत नाही. जी कोठेच स्थिर राहत नाही तिच्याबद्दलची वाक्येही दोन-तीन पदांपलीकडे टिकत नाहीत. लांब समासांवर प्रभुत्व असलेल्या लेखकाने येथे ते बाजूला ठेवले, यातच त्याची जाण दिसते. शैली म्हणजे एकच एक ढंग नव्हे, तर ढंग केव्हा बदलावा याचे भान, हे या उताऱ्याइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसते.

मराठी गद्यापुरते बोलायचे तर वाक्याची चाल ठरवणारी दोन साधने विशेष महत्त्वाची आहेत. पहिले म्हणजे पदांचा क्रम. मराठीत क्रियापद सामान्यतः शेवटी येते, पण विभक्तिप्रत्ययांमुळे पदांची जागा बऱ्याच प्रमाणात बदलता येते. ‘दार उघडले तेव्हा ती खिडकीशी उभी होती’ हे साधे निवेदन आहे. ‘दार उघडले तेव्हा खिडकीशी उभी होती ती’ असे म्हटले की आधी खिडकी दिसते, मग कोणीतरी उभे असल्याचे कळते आणि ओळख शेवटी पटते. ‘ती खिडकीशी उभी होती, दार उघडले तेव्हा’ या रचनेत आठवून सांगणाऱ्याचा स्वर येतो. तिन्ही वाक्यांत माहिती तीच आहे, अनुभव मात्र तीन आहेत. दुसरे साधन म्हणजे ऊन-प्रत्ययान्त धातुसाधिते. ‘उठून, दिवा लावून, पत्र पुन्हा एकदा वाचून त्याने ते फाडले’ या वाक्यात आधीच्या सगळ्या कृती फाडण्याकडे नेणाऱ्या पायऱ्या ठरतात. ‘तो उठला. त्याने दिवा लावला. पत्र पुन्हा एकदा वाचले. फाडले.’ असे लिहिले की प्रत्येक पूर्णविरामाशी तो माणूस थांबला असता अशी शक्यता राहते, आणि शेवटच्या एकाकी क्रियापदाला धार येते. चांगला गद्यलेखक या दोन रचनांपैकी एकीचा पक्षपाती नसतो. प्रसंगाला कोणती हवी हे त्याला ऐकू येते.

‘ऐकू येते’ हे येथे शब्दशः घ्यावयाचे आहे, कारण गद्याची परीक्षा कानाने करणाऱ्या लेखकांची परंपरा मोठी आहे. गुस्ताव फ्लोबेर हा फ्रेंच कादंबरीकार आपली वाक्ये मोठ्याने म्हणून पाही, आणि जेथे श्वास अडखळे तेथे ती पुन्हा लिही. ‘मादाम बोव्हारी’ ही त्याची कादंबरी १८५६मध्ये नियतकालिकातून आणि १८५७मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्या लेखनाला त्याला सुमारे पाच वर्षे लागली. जवळजवळ विषयच नसलेले आणि केवळ शैलीच्या आंतरिक बळावर उभे राहणारे पुस्तक लिहिण्याची इच्छा त्याने १८५२मधील एका पत्रात व्यक्त केली होती. व्हर्जिनिया वुल्फ या इंग्रजी कादंबरीकर्तीने १९२६मधील एका पत्रात शैली म्हणजे सर्वस्वी लय असे म्हटले. तिच्या मते लय एकदा सापडली की चुकीचा शब्द वापरताच येत नाही. आयझॅक बाबेल या रशियन कथाकाराच्या एका कथेतला निवेदक सांगतो की, नेमक्या जागी पडलेला पूर्णविराम जितका हृदयात घुसतो तितके कोणतेही पोलाद घुसत नाही. तिघांचे लेखन परस्परांहून अगदी भिन्न आहे, आणि तरीही तिघांचा भर शब्दांच्या श्रीमंतीपेक्षा त्यांच्या जागेवर आहे.

शब्दांच्या निवडीबाबत मात्र लेखकांचे दोन स्वभाव दिसतात. एक काटकसरीचा. अर्नेस्ट हेमिंग्वे या अमेरिकन कादंबरीकाराने उमेदवारीच्या काळात ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वृत्तपत्रात काम केले. त्या वृत्तपत्राच्या लेखननियमांची सुरुवातच लहान वाक्ये वापरा, या सूचनेने होत असे. साध्या दिसणाऱ्या गद्यामागे श्रम किती असतात याचेही उदाहरण तोच आहे : ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ या कादंबरीचा शेवट आपण ३९ वेळा लिहिला, असे त्याने १९५८मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत सांगितले. दुसरा स्वभाव विपुलतेचा. मार्सेल प्रूस्त या फ्रेंच कादंबरीकाराची लांबलचक वाक्ये आठवणीच्या मागे वळणे घेत जातात, आणि मधली उपवाक्ये काढून टाकली तर आठवणच नाहीशी होते. काटकसर म्हणजे चांगले आणि विपुलता म्हणजे पाल्हाळ, असा जो समज लेखनमार्गदर्शनाच्या पुस्तकांनी रूढ केला आहे, तो अर्धवट आहे. वाक्यातला प्रत्येक शब्द काही पाहत असेल तर वाक्य लांब असूनही सैल होत नाही. उलट काही न पाहणारे चार शब्दांचे वाक्यही फुगलेले असू शकते.

मराठीतही हे दोन्ही स्वभाव प्रारंभापासून आढळतात. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने सिद्ध केलेल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींच्या आठवणी छोट्या प्रसंगांतून आणि संवादांतून सांगितल्या आहेत. प्रत्यक्ष ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांकडून त्या गोळा केल्या असल्यामुळे त्या गद्याला बोलण्याचा ताजेपणा आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’चे (१८७४–८१) गद्य याच्या दुसऱ्या टोकाला आहे. त्यात संस्कृताचे वजन आणि इंग्रजी निबंधकारांची पल्लेदार वाक्यरचना एकत्र आली, आणि वादविवाद पेलणारे, आवाज चढवू शकणारे मराठी गद्य तयार झाले. त्यानंतरच्या वैचारिक लेखनावर या घडणीचा ठसा दीर्घकाळ राहिला.

वाचकांच्या विशेष प्रेमाला पात्र ठरलेल्या पुस्तकांत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चे (१९३४–३६) स्थान वेगळे आहे. शालेय शिक्षण न मिळालेल्या या लेखिकेचे गद्य घरात बोलल्या जाणाऱ्या भाषेवर उभे आहे. दुःखाचा प्रसंग सांगताना तिची वाक्ये लांबत नाहीत, भावना सांगणारी विशेषणे येत नाहीत, आणि हसू व रडू एकाच परिच्छेदात नांदतात. नटलेल्या भाषेचा मोह पडण्याच्या काळात लिहिलेले हे गद्य आजही जुने वाटत नाही. विनोबांची ‘गीता प्रवचने’ तर मुळात बोललेलीच आहेत. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेली ही प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली, आणि समोरच्या माणसाला विषय कळलाच पाहिजे ही तळमळ त्यांच्या छोट्या, सरळ वाक्यांत उतरली आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) निवेदक जे दिसते ते सांगतो आणि मत देण्याचे टाळतो. त्या संयमामुळेच दुष्काळाने ओस पडत जाणारे गाव वाचकाच्या मनात राहते. याउलट जी. ए. कुलकर्णी यांचे गद्य प्रतिमांनी दाटलेले आहे. त्यांच्या उपमा वस्तू सुशोभित करण्यासाठी येत नाहीत, त्या नियतीची सावली आधीच दाखवून जातात, आणि म्हणून त्या गाळून कथा सांगता येत नाही. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त निरीक्षण आणि लालित्य यांची सांगड आहे. महिन्यामहिन्याने बदलणारे रंग आणि गंध त्या इतक्या नेमकेपणाने नोंदवतात की सौंदर्य वेगळे मिसळावे लागत नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने (१९६३) सुंदर गद्याची कल्पनाच हलवली. या कादंबरीचा तरुण निवेदक पांडुरंग सांगवीकर याच्या बोलण्यात वारंवार येणारे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे शब्द प्रचलित शुद्ध शैलीच्या दृष्टीने दोषच होते. त्या तरुणाचा तुटलेपणा मात्र त्यांच्यावाचून ऐकू आला नसता.

गद्याचे दोषही याच कसोटीवर कळतात. तयार शब्दबंधांची भर, एका नामाला तीन विशेषणे, प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी सुभाषित, सगळ्या पात्रांच्या तोंडी लेखकाचीच भाषा, हे दोष पहिल्या वाचनात गुणासारखे भासतात. अशी वाक्ये सुटी काढून वहीत उतरवून ठेवता येतात, पण पुस्तकात ती प्रसंगाला थांबवून स्वतःकडे पाहायला लावतात. जॉर्ज ऑर्वेलने १९४६मधील राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवरील आपल्या निबंधात छापील, झिजलेल्या शब्दप्रयोगांवर टीका केली. ते वापरल्याने विचार करण्याचे श्रम वाचतात, हा त्याचा आक्षेप कोणत्याही भाषेला लागू पडतो.

आवडत्या शैलीकाराबद्दल वाचकांचे एकमत होत नाही, आणि एकाच वाचकाची निवडही वयानुसार बदलते. तरुणपणी झगमगणारे गद्य ओढून घेते. पुढे पुष्कळांना निराभरण लेखनाची गोडी लागते, तर काहींचा प्रवास नेमका उलटा होतो. पुनर्वाचन हा यातला विश्वासार्ह निकष होय. शेवट माहीत असूनही जे पुस्तक मधूनच कोठेही उघडून वाचावेसे वाटते, त्यात गद्यसौंदर्य आहे असे मानायला हरकत नाही.

परभाषेतील शैलीकार बहुतेक वाचकांना अनुवादातूनच भेटतात. अनुवादात प्रतिमांचा क्रम, परिच्छेदाची लांबी आणि लेखकाचा संयम बऱ्याच अंशी टिकतो. नाद, शब्दांचे सामाजिक वजन आणि बोलीचा स्वर टिकवणे फार कठीण असते. सॅम्युएल बेकेट या इंग्रजी मातृभाषा असलेल्या आयरिश लेखकाने फ्रेंचमध्ये लिहायला घेतले तेव्हा शैलीविना लिहिणे त्या भाषेत सोपे जाते असे कारण दिले होते, आणि पुढे आपल्या फ्रेंच लेखनाचे इंग्रजी रूपांतर बहुतांशी त्याने स्वतः केले. दोन्ही भाषांतील पुस्तके सारखीच नेमकी उतरली, याचे श्रेय मूळ लेखकानेच वाक्ये दुसऱ्यांदा घडवण्याला द्यावे लागते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’सारख्या कादंबरीची अडचण निराळी आहे. तिचे सौंदर्य वऱ्हाडी बोलीच्या लयीत आहे. अनुवादकाने ती प्रमाण भाषेत उतरवली तर माणसांचा आवाज जातो, आणि दुसऱ्या एखाद्या प्रदेशाची बोली तिच्या जागी ठेवली तर ती माणसे परक्या मुलखातली वाटू लागतात.