अल्फाब्लॉक्स म्हणजे एबीसीडीचं गाणं नव्हे

"अल्फाब्लॉक्स लावून देतो, एबीसीडी पाठ होईल." हे वाक्य पालकांकडून इतक्यांदा ऐकलंय की आता सविस्तर लिहावंच लागतंय. अल्फाब्लॉक्स ही इंग्रजी कार्टून मालिका आणि एबीसीडीचं गाणं, दोन्हींत रंगीत अक्षरं नाचतात, दोन्ही तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी आहेत, यूट्यूबवर दोन्ही शेजारीशेजारी दिसतात. शिकवतात मात्र दोन निराळ्या गोष्टी.

गाणं सगळ्यांना माहीत आहे. चाल 'ट्विंकल ट्विंकल'ची, १८३५ साली बॉस्टनमध्ये त्याचे हक्क नोंदवले गेले. ते अक्षरांची नावं आणि क्रम शिकवतं. 'एल-एम-एन-ओ-पी' इतक्या घाईत येतं की कित्येक मुलांना ते एकच अक्षर वाटतं, पण पुढे शब्दकोश बघताना क्रम कामाला येतोच. गाण्यावर माझा राग नाही.

अल्फाब्लॉक्स ही बीबीसीच्या सीबीबीज या लहान मुलांच्या वाहिनीवर २०१० साली सुरू झालेली मालिका. इंग्लंडमध्ये वाचन कसं शिकवावं यावरच्या जिम रोझ यांच्या २००६च्या अहवालानंतर शाळांमध्ये सिंथेटिक फोनिक्सवर भर आला, म्हणजे आधी आवाज शिकायचे आणि ते जोडून वाचायचं. मालिका याच पद्धतीवर उभी आहे. तिच्यातली सव्वीस अक्षरं नावाने नव्हे, आवाजाने जगतात. पहिल्या अक्षराच्या डोक्यावर सफरचंद पडतं आणि ते 'ॲ!' असं ओरडतं. एम खादाड, सतत 'म्म्म्'. आर समुद्री चाचा, 'र्र्र्'. झेड पेंगत असतो, 'झ्झ्झ्'. अक्षरांनी हात धरले की प्रत्येक जण ओळीने आपला आवाज काढतो, मग आवाज एकमेकांत मिसळतात, शब्द होतो आणि ती वस्तू समोर अवतरते.

आपण अडखळतो ते इथेच, आणि त्याचं कारण आपल्या लिपीत आहे. मराठीत 'म'चं नाव 'म' आणि आवाजही 'म'. म, ग, र ओळीने म्हटलं की 'मगर' झालीच. त्यामुळे अक्षराचं नाव आणि आवाज वेगळे असू शकतात हे मराठीत शिकलेल्या माणसाच्या ध्यानातच येत नाही. इंग्रजीत 'सी-ए-टी' कितीही वेगात म्हणा, 'कॅट' होणार नाही. 'एच'मध्ये 'ह्' नाही, 'डब्ल्यू'मध्ये 'व्' नाही, 'वाय' तर 'व्'ने सुरू होतो.

खरा गोंधळ स्वरांचा. पहिल्या अक्षराचं नाव 'ए', पण 'ए'सारखा आवाज काढतं पाचवं अक्षर. त्या पाचव्याचं नाव 'ई', पण 'इ' हा आवाज आहे नवव्या अक्षराचा, आणि त्याचं नाव 'आय'. फक्त नावं पाठ असलेल्या मुलाला 'पिन' लिहायला सांगा. त्याला 'इ' ऐकू येते, म्हणून ते पी-ई-एन लिहितं, म्हणजे पेन. 'पेन' सांगितलं तर पी-ए-एन, म्हणजे पॅन. आपण म्हणतो लक्ष नाही. मूल नीट ऐकतंय, आपण दिलेली नावं प्रामाणिकपणे वापरतंय. त्याला रागावू नका, कृपा करा.

आवाज शिकवू लागलो तरी दुसरी अडचण येते. आपण 'क्' म्हणायच्या जागी 'क' म्हणतो, कारण आपल्या व्यंजनात 'अ' मुरलेला आहे. मग मूल 'क-ॲ-ट' जोडू बघतं आणि 'कॅट'पर्यंत पोहोचतच नाही. पाय मोडून म्हणा: क्, ॲ, ट्. 'म' नव्हे, ओठ मिटून 'म्म्म्'. 'स' नव्हे, 'स्स्स्'. अल्फाब्लॉक्सचा एम तोंड मिटूनच आवाज लांबवतो, तो भाग मुलाबरोबर बसून बघा आणि आधी स्वतःचा उच्चार सुधारा. हलन्त लिहिता येणाऱ्या लिपीत आपण वाढलो, आपल्याला तर हे सोपं जायला हवं. 'ॲ' आणि 'ऑ'सुद्धा आपल्याकडे आहेतच.

'ए फॉर ॲपल' पद्धतीचे व्हिडिओ फोनिक्स नावाने खपवले जातात, त्यांच्याबद्दल मात्र मी ठाम आहे: नकोत. त्यांत 'आय फॉर आइस्क्रीम' असतं, म्हणजे आवाज नाही, नावच. 'एक्स फॉर एक्स-रे', तेही नाव. 'झायलोफोन' घेतलं तर आवाज 'झ्'. एक्सचा 'क्स्' ऐकायचा तर 'फॉक्स' नाहीतर 'बॉक्स' घ्यायला हवा, आणि तिथे तो शेवटी येतो. 'सी फॉर चेअर' तर पुस्तकांतही पाहिलंय. शिवाय हे व्हिडिओ पहिल्या आवाजापाशी थांबतात, जोडणी कधी येतच नाही. आणि वाचन म्हणजे जोडणी. इंग्लंडमध्ये पाच-सहा वर्षांच्या मुलांची २०१२ पासून फोनिक्स चाचणी होते, तिच्यातल्या चाळीस शब्दांपैकी निम्मे चक्क बनावट असतात. पाठांतर तिथे चालत नाही.

नंबरब्लॉक्स हे याच घरातलं, आकडे शिकवणारं २०१७चं भावंड. तिथे असा घोळ नाही: पाच म्हणजे पाच ठोकळे, समोर मोजता येतात. तेही लावा, बिनधास्त.

अल्फाब्लॉक्स लावताना तासाभराची सरमिसळ संकलनं टाळा. सोप्या भागांपासून क्रमाने बघा: आधी सुटे आवाज, मग तीन अक्षरी शब्द, मग एस आणि एच मिळून होणारा 'श्' अशी चढण ठेवा. अक्षरांनी हात धरले की व्हिडिओ थांबवा आणि शब्द मुलाला जोडू द्या. वाट बघा, आधी सांगून टाकू नका. एबीसीडीचं गाणं त्यानंतर दोन महिन्यांनी आलं तरी काही बिघडत नाही.