फिलॉसॉफी घेतली म्हणजे सरकारी परीक्षा बंद?

बारावीचा निकाल लागला की गोव्यातल्या फोंडा-म्हापशाकडच्या फॅमिली ग्रुपांवर एक मेसेज हमखास येतो: ‘तत्त्वज्ञानात बी.ए. केलं की सरकारी परीक्षांना बसता येत नाही.’ हे खरं नाही. भीती मुलांच्या काळजीपोटीच असते, म्हणून नीट सांगते.

परीक्षेच्या जाहिरातीत ‘शैक्षणिक पात्रता’ असा भाग असतो. तो स्वतः वाचा. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. उलट मुख्य परीक्षेच्या वैकल्पिक विषयांत तत्त्वज्ञान आहेच, प्रत्येकी 250 गुणांचे दोन पेपर. शिवाय 2013 पासून नीतिशास्त्राचा 250 गुणांचा पेपर सगळ्यांनाच द्यावा लागतो. तीन वर्षांच्या एलएलबीलाही कुठल्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. किमान गुणांची अट तेवढी बघावी. डॉक्टर, इंजिनियर अशा पदांना त्या विषयाचीच पदवी लागते, पण तिथे कॉमर्सवाल्यालाही वाट नाही. गोवा सरकारच्या भरतीत कोकणीच्या ज्ञानाची अट मात्र आवर्जून पाहा.

‘तत्त्वज्ञानाच्या वर्गात नुसता देवधर्म शिकवतात’ असंही म्हणतात. अभ्यासक्रम उघडून बघा, तर्कशास्त्र सापडेल. न्यायदर्शन या तर्कावर भर देणाऱ्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखेतलं जुनं उदाहरण आहे: डोंगरावर धूर आहे, म्हणून तिथे आग आहे. विद्यार्थ्याने विचारायचं असतं, जिथे धूर तिथे आग हे कशावरून? आणि दिसतोय तो धूरच ना, की धुकं? जुलैत सत्तरी तालुक्यातले धुक्यात बुडालेले डोंगर पाहिलेल्या पोराला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.